दुधाच्या नोंदी पुसताना

नोकरी संपून वर्ष होत आलं, तरी मी नेमकं काय काम करत होते ते माझ्या जाऊबाईंना अजून कळलेलं नाही. "दूध डेअरीत, कॉम्प्युटरवर," एवढं त्या पाहुण्यांना सांगतात आणि पुढचं माझ्यावर सोडून देतात. मग पाहुणे विचारतात, "म्हणजे पावत्या करायच्या का?" पावत्या गावोगावची मशीनं करायची. शेवटच्या काही वर्षांत माझ्या वाट्याला जे काम आलं ते बरोबर उलटं होतं. त्या पावत्यांच्या जुन्या नोंदी मी पुसायचे. हे ऐकलं की समोरचा माणूस माझ्याकडं जरा कीव आल्यासारखा बघतो. पुसायला काय लागतं, एक बटण दाबायचं! मलाही एके काळी तसंच वाटायचं.

आमचं घर बीडचं. वडिलांचं, अप्पांचं, भुसाराचं दुकान. लिंगायत दुकानदाराची पोर म्हणून माझं गणित तोंडी, आणि बीडलाच बी.एस्सी. करून वर कॉम्प्युटरचा क्लास केलेला. तेवढ्या भांडवलावर बीड-गेवराई रस्त्यावरच्या एका खासगी डेअरीच्या प्लँटवर चिकटले आणि तिथंच केस पांढरे झाले. पगार, बढती, बदल्या वगैरे गाळते. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आधी धंदा सांगते. गावागावांत आमची संकलन केंद्रं होती. सकाळी आणि संध्याकाळी लोक कॅन, चरव्या, प्लास्टिकच्या बरण्या घेऊन रांगेला लागायचे. केंद्र चालवणारा माणूस दूध मोजायचा, त्यातलं चमचाभर मशीनला पाजायचा. मशीन फॅट सांगायचं. ती नोंद इंटरनेटवरून आमच्या प्लँटच्या सर्व्हरवर यायची, 'पोचली' असं उत्तर आमच्याकडून उलट जायचं आणि मगच गावात पावती छापून बाहेर पडायची. ही 'पोचली' म्हणण्याची अट आम्हीच घातली होती, कारण आधी पावती एक आणि नोंद दुसरीच, यावरून डोकी फुटायची वेळ यायची.

पहिल्या काळात या नोंदी शाळेच्या हजेरीपटासारख्या होत्या. सगळ्यांना सारखे रकाने. पुढं कंपनीनं डॉक्युमेंट डेटाबेस आणला. त्यात प्रत्येक नोंद म्हणजे एक सुटा कागद समजा. एकाच्या कागदावर गाईचं दूध, दुसऱ्याच्या कागदावर गाय-म्हैस दोन्ही, तिसऱ्यानं जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर लिहिलेला, चौथ्याच्या कागदाला डॉक्टरनं दिलेल्या लशीची चिठ्ठी टाचलेली. एकाच्या कागदावर आहे ते दुसऱ्याच्या कागदावर असलंच पाहिजे अशी सक्ती नाही. आम्ही तर 'शेरा' म्हणून एक मोकळी जागाही ठेवली होती. ती कुणीच वापरायचं नाही. वापरायच्या फक्त सुमनबाई.

सुमनबाई म्हणजे गेवराईच्या पुढं गोदाकाठच्या एका गावातलं केंद्र चालवणाऱ्या बाई. नवरा वाळूच्या ट्रकखाली गेला, तेव्हापासून केंद्र त्यांच्याकडं. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पण रोज फोन. मशीन अडकलं की फोन, लाईट गेली की फोन, आणि काहीच झालं नाही तरी "ताई, आज सगळं बरुबर हाय बरं का," हे सांगायला फोन. आमच्या ऑफिसात त्यांचा आवाज इतका ओळखीचा की फोन उचलणारा त्यांचं नावही न विचारता मला हाक मारायचा.

त्यांच्या केंद्रावरचे एक सभासद लिंबाजी तात्या. सत्तरी ओलांडलेले, एक म्हैस, आणि त्या म्हशीचा अभिमान दहा म्हशींएवढा. पावतीवरचा आकडा त्यांना कधी पटायचा नाही. सुमनबाईंचा फोन हिसकावून ते मलाच विचारायचे, "बीडच्या बाई, एवढीच फॅट कावून? सकाळी सरकी घातलीय म्या तिला. तुमचं मशीन खातंय का काय मलई?"

"तात्या, मशीन तुमच्याच गावात आहे. मी इथनं कशी खाऊ?"

"मंग इंटरनेट खात आसंल," म्हणून ते फोन आपटायचे.

दुसरा एक गृहस्थ रोज विचारायचा, "माझ्या भावाचं दूध आज किती आलं?" दोघा भावांची बोलचाल बंद होती. सांगता यायचं नाही म्हटलं की म्हणायचा, "आकडा नगा सांगू. माझ्यापेक्षा जास्ती हाय का, येवढंच सांगा." त्यालाही मी कधी सांगितलं नाही. आता वाटतं, खरंच एखाद्या दिवशी सांगायला हवं होतं. त्या निमित्तानं दोघे भांडले तरी असते, बोलले असते.

तर, रोज दोन वेळा, शेकडो गावं, गावागावात रांगा. नोंदी साचत गेल्या. सर्व्हरची डिस्क भरत आली. जुन्या वर्षांचे हिशेब मिटले होते, तपासणी झाली होती, वर्षाचा गोषवारा वेगळा काढून ठेवला होता. शिवाय लोकांची माहिती गरज संपल्यावर उगीच साठवून ठेवायची नाही असा कंपनीचा नियमही झाला. तेव्हा आमचे मॅनेजर जाधवसाहेब म्हणाले, "जुनं सगळं काढून टाका."

जाधवसाहेब मोठ्या शेतकरी घरातले, घरी चार पिढ्यांचं राजकारण, पण माणूस सरळ. सर्व्हरची देखभाल बघणारे इरफानभाई, मी आणि साहेब, तिघं बसलो. मी हजारभर नोंदी पुसून पाहिल्या. डोळ्याची पापणी लवायच्या आत गेल्या. त्याच्या दसपट पुसल्या. चहाचा एक घोट घेईपर्यंत त्याही गेल्या. मी कागदावर त्रैराशिक मांडलं. एवढ्याला एवढा वेळ, तर जुन्या सगळ्याला इतका. जेवणानंतर सुरू केलं तर दुपारचा चहा येईपर्यंत आटोपेल आणि संध्याकाळचं दूध सुरू व्हायला भरपूर अवकाश राहील. इरफानभाईंनी मान डोलावली. साहेबांनी विचारलं, "मग आजच का नको?" आम्हा दोघांनाही 'नको' म्हणायला काही कारण दिसलं नाही.

वैशाखाचे दिवस होते. बाहेर डांबर वितळत होतं. जेवणाचे डबे धुतले आणि मी हुकूम दिला.

आता इथं थोडं समजावून सांगायला हवं, कारण आम्हाला ते त्या दिवशी समजलं. एक नोंद पुसायची म्हणजे एक कागद काढून टाकणं एवढंच नसतं. तो कागद कुठं ठेवलाय हे सांगणाऱ्या सूच्या असतात. आमच्याकडं गावाची एक, तारखेची एक, सभासद क्रमांकाची एक. त्या प्रत्येक सूचीतूनही त्याचं नाव काढावं लागतं. शिवाय सर्व्हर एकटा नसतो. एक बंद पडला तर दुसरा तयार असावा म्हणून त्याच्या जोडीला दुसरं मशीन असतं, आणि पहिल्यानं जे केलं ते दुसऱ्यानंही करायचं असतं. मी एकच हुकूम दिला होता, जुनं सगळं पुस. पण जोडीच्या मशीनकडं तो एक हुकूम जात नाही. एकेका नोंदीचा वेगळा निरोप जातो. जेवढ्या नोंदी तेवढे निरोप.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जागा. आमच्या अप्पांच्या दुकानात रोज लागणारा माल गल्ल्याजवळ असायचा आणि बाकीचा मागच्या गोदामात. सर्व्हरचंही तसंच असतं. ताज्या नोंदी तो हाताशी, मेमरीत ठेवतो. हजार नोंदी पुसायच्या तर तेवढा माल गल्ल्याजवळ मावतो. पण गोदामाच्या तळापासूनची पोतीच्या पोती काढायला घेतली, की तीच गल्ल्यापाशी येऊन पडतात, रोजचा माल मागं ढकलला जातो आणि गिऱ्हाइकाला पाय ठेवायला जागा उरत नाही. त्यामुळं पहिल्या हजाराला लागलेला वेळ पुढच्या हजाराला पुरत नाही. काम वाढतं त्याच्या कितीतरी पट वेळ वाढतो. माझं त्रैराशिक शाळेत बरोबर होतं. इथं ते लागू पडत नव्हतं.

दुपारचा चहा आला. पुसणं चाललेलंच होतं. चहा निवला. इरफानभाई जोडीच्या मशीनच्या पडद्यासमोर बसले होते. ते म्हणाले, "मॅडम, हे बिचारं लई मागं पडायलंय. पहिल्याचा निरोप याला पोचायला उशीर, आन दर घडीला आणखी उशीर."

संध्याकाळचं दूध सुरू झालं आणि पहिला फोन आला. सुमनबाईच होत्या.

"ताई, मशीन नुसतं गोल गोल फिरायलंय. पावती न्हाई."

"किती जण झाले?"

"एकबी न्हाई. पहिल्याचंच दूध वतून घेतलं आन तिथंच आडकलं. रांग पार पारापत्तोर गेलीय."

त्यांचा फोन ठेवतेय तोवर दुसरा वाजला, मग तिसरा. ऑफिसातले सगळे फोन एकदम वाजायला लागले. गावातनं येणारी प्रत्येक नोंद आमच्या दारात उभी होती आणि आत शिरायला तिला जागा नव्हती. 'पोचली' असं उत्तर जात नव्हतं, म्हणून पावती निघत नव्हती, आणि पावती नाही म्हणून लोक कॅन रिकामा करत नव्हते. बाहेर वैशाख. धारा काढून आणलेलं दूध उन्हाच्या झळांत उभं.

"थांबवा ते पुसणं," जाधवसाहेब दारातनंच म्हणाले.

"मधेच थांबवलं तर?" मी इरफानभाईंकडं पाहिलं. अर्धं पुसलेलं, अर्धं राहिलेलं, आणि त्यातून काही बिघडलं तर? आम्ही आधी कधी असं थांबवलं नव्हतं.

"गेलेलं गेलं, राहिलेलं राहिलं," इरफानभाई म्हणाले. "तसं बिघडणार न्हाई. थांबवा मॅडम."

मी थांबवलं. आणि तिघंही पडद्याकडं बघत बसलो. काहीच सुधारलं नाही. पहिलं मशीन मोकळं झालं होतं, पण जोडीचं मशीन अजून मागचे निरोप उरकत होतं, आणि आमची व्यवस्था अशी की दोघांनी नोंद लिहून घेतल्याशिवाय 'पोचली' म्हणायचं नाही. ती व्यवस्था चुकीची नव्हती. एका मशीनवरच्या नोंदीवर भरवसा ठेवून एकदा आमची तोंडं पोळली होती. पण त्या संध्याकाळी तीच आमच्या गळ्याशी आली.

जाधवसाहेब खुर्चीत बसले. मग म्हणाले, "फॅट मशीन गावात चालतंय ना? आकडा दिसतोय ना?"

"दिसतोय. फक्त पावती निघत नाही."

"मग हातानं लिहून घ्या म्हणावं. दूध आत घ्या. पावती उद्या."

म्हणायला सोपं होतं. हातानं लिहिलेल्या चिठ्ठीवर लोकांचा भरवसा नव्हता, म्हणून तर ही सगळी मशीनं आली होती. हातानं लिहिण्याच्या काळात केंद्रवाल्याच्या कुठल्या पाव्हण्याचं दूध जास्त भरायचं आणि कुणाचं कमी, याच्या गोष्टी गावागावात ताज्या होत्या. आम्ही तिघांनी गावं वाटून घेतली आणि एकेकाला फोन लावत सुटलो. एका ठिकाणी केंद्रचालक म्हणाला, "म्या लिवलं तर मला मारतील." दुसऱ्या ठिकाणी लोक कॅन उचलून घरी निघाले होते. एका गावात एक शहाणा माणूस सगळं दूध तडक खव्याच्या भट्टीवर घेऊन गेला, आणि तेवढं तरी वाचलं.

सुमनबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी फोन तसाच चालू ठेवून समोर ओरडलेलं मला ऐकू आलं. "आज हातानं लिवायचं हाय! माज्या अक्षरावर कुणाचा इस्वास हाय आन कुणाचा न्हाई, आत्ताच सांगा!"

पलीकडं गलका. मग लिंबाजी तात्यांचा खणखणीत आवाज. "तुज्यावर हाय बाय. त्या बीडच्या मशीनवर न्हाई. घे, वत माझं!"

चरवी उपडी झाल्याचा आवाज मी फोनवर ऐकला. आयुष्यात अनेक आवाज विसरले, तो विसरले नाही.

अंधार पडता पडता जोडीचं मशीन वाटेवर आलं आणि पावत्या सुरू झाल्या. तोवर दोन केंद्रांचं दूध नासलं होतं. कंपनीनं त्याची भरपाई केली, साहेबांनी कुणावर आवाज चढवला नाही. इरफानभाई दुसऱ्या दिवशी त्या गावांना जाऊन आले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "बायका वढ्यात दूध वतून देत होत्या. एक म्हातारी वतायच्या आधी हात जोडायली होती." मला त्या गावांना जायचं धाडस झालं नाही. ते राहून गेलं, ते गेलंच.

पण पुसायचं काम तर उरलंच होतं. ते कसं करायचं हे आम्ही हळूहळू शोधून काढलं. सगळं एकदम पुसायचं नाही. थोड्या नोंदी घ्यायच्या, पुसायच्या, थांबायचं. जोडीच्या मशीननं गाठलं की नाही ते बघायचं, मगच पुढच्या घ्यायच्या. सकाळचं दूध आटोपल्यापासून संध्याकाळचं सुरू होईपर्यंत हे चालायचं. एकेक गाव, एकेक वर्ष असं मी वाटून घेतलं. इरफानभाई म्हणायचे, "मॅडम, हे मशीनलाच करू द्या की, तुम्ही कशाला बसता?" पुढं मशीनलाच करायला लावलं, पण सुरुवातीचे महिने मी जातीनं बसले. पोळलेल्या माणसाची भीती म्हणा.

आणि खरं सांगायचं तर नोकरीतले सगळ्यात चांगले दिवस ते. दुपारची वेळ, पंखा, बाहेर टँकर धुतल्याचा आवाज, आणि पडद्यावरून गावं चाललेली. पुसण्याआधी मी नमुन्याला थोड्या नोंदी उघडून बघायचे, बरोबर वर्ष धरलंय ना म्हणून. बघता बघता सवय लागली. दिवाळी झाली की काही गावांचं दूध एकदम आटायचं. माणसं ऊसतोडीला गेलेली, मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांनी एखादं जनावर सांभाळलेलं. चैत्रात तीच नावं परत यायची. एखादं यायचं नाही. नारायणगडाकडच्या गावांत जत्रेच्या दिवशी केंद्रावर दूधच नसायचं, सगळं चहात आणि खिरीत जायचं. एखाद्या नावासमोर वर्षानुवर्षं रोज तेवढंच दूध, एका सकाळी शून्य, आणि पुढं तोच क्रमांक सुनेच्या नावावर. या माणसांपैकी मी एकालाही पाहिलं नव्हतं. तरी त्यांची घरं मला ठाऊक झाली होती.

सुमनबाईंचं गाव आलं तेव्हा मात्र मी थांबले. त्या मोकळ्या जागेत त्यांनी वर्षानुवर्षं शेरे लिहिले होते. 'म्हैस व्याली, रेडी झाली.' 'पावणे आले, दूध घरी ठेवलं.' 'आज पोराचा निकाल, पास.' 'तात्या भांडले.' 'तात्या भांडले नाहीत, बरं नसंल.'

मी त्यांना फोन लावला. म्हटलं, "सुमनबाई, तुमचे शेरे आहेत. नियमानं सगळं पुसायचंय. साहेबांना विचारून तेवढे बाजूला काढून ठेवू का?"

त्या हसल्या. "ते कोन वाचत आसंल आसं वाटलंच न्हाई मला. मालक गेल्यावर सांजच्याला रांग सरली की एकटीच बसायची. कुनाला तरी सांगावं वाटायचं, म्हनून लिवायचे. पुसा की ताई. आता सांगायला तुमी हायत."

मी तरीही लगेच पुसलं नाही. दोन दिवस ते गाव तसंच ठेवलं. आणि त्या दोन दिवसांतच लिंबाजी तात्या एसटीनं बीडला उतरले आणि रिक्षा करून प्लँटच्या गेटवर हजर झाले.

त्यांना मी पहिल्यांदा पाहत होते. आवाजावरून धिप्पाड माणूस असेल असं वाटलेलं. प्रत्यक्षात काटकुळे, पांढरं धोतर, डोक्याला रुमाल, हातात काठी. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले आणि म्हणाले, "सुमन म्हनली, तुमी आमचं जुनं सगळं पुसायलेत. माझ्या चंद्रीचं पुसायचं न्हाई."

चंद्री म्हणजे त्यांची जुनी म्हैस. मरून बरीच वर्षं झाली होती. तिच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर त्यांनी नोंदीत आवर्जून घालायला लावला होता. तात्यांच्या म्हणण्याप्रमाणे एका पौषात चंद्रीच्या दुधाला अशी फॅट लागली होती की अख्ख्या जिल्ह्यात तशी कुणाच्या म्हशीला लागली नाही.

मी म्हटलं, "तात्या, तुम्हाला छापून देते. कागद घरी ठेवा."

"कागुद भिजतो. नातू फाडतो. मशीनात आसू द्या."

"मशीनात जागा नाही तात्या. आणि नियम सगळ्यांना सारखा. तुमची ठेवली तर सगळ्यांच्याच ठेवाव्या लागतील."

वाटलं, आता काठी आपटतील. आपटली नाही. त्यांनी विचारलं, "दावा तरी."

मी नोंद काढली. तात्यांना अक्षर येत नव्हतं, आकडे येत होते. खुर्ची पुढं ओढून ते पडद्याजवळ गेले, बोट न टेकवता आकड्याभोवती फिरवलं. आकडा चांगला होता. जिल्ह्यात पहिला होता की नाही, ते मी तपासलं नाही. तपासता आलं असतं, पण तपासलं नाही.

"हीच," ते म्हणाले. "त्या सकाळी थंडी लई होती. धार काढताना वाफ निघायली होती दुधाची. मालकीन म्हनली, आज दूध घट्ट हाय. तिला हातावर कळायचं." मी तांब्यातलं पाणी पुढं केलं, ते प्याले. इरफानभाईंनी चहा मागवला. चहा पिऊन झाल्यावर तात्यांनी रुमालानं मिशा पुसल्या आणि विचारलं, "पुसायला लई टाइम लागतो का?"

"एका गावाला थोडा लागतो. हळूहळू पुसतो आम्ही."

"मंग पुसा. म्या हाय तोवर पुसा."

मी इरफानभाईंकडं पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मी त्या गावाचं ते वर्ष घेतलं आणि सुरू केलं. थोड्या नोंदी, थांबणं, पुन्हा थोड्या. पडद्यावर उरलेल्या नोंदींचा आकडा उतरत होता. तात्या काठीवर हनुवटी टेकून तो बघत बसले होते. शून्य आलं तेव्हा त्यांना ते बरोबर कळलं. ते उठले. "झालं," म्हणाले. "तुमी बाई हळू पुसता, ते बरं करता." आणि गेटपर्यंत सोडायला निघालेल्या इरफानभाईंशी नव्या म्हशीच्या फॅटवरून भांडत निघून गेले.

पुढं व्यवस्था बदलली. आमच्या लक्षात आलं की सगळ्या नोंदी एकाच ढिगात ठेवल्या म्हणून एकेक शोधून पुसावी लागते. त्याऐवजी दर महिन्याच्या नोंदींचा वेगळा कप्पा केला. मुदत संपली की कागद एकेक करून काढायचे नाहीत, कप्पाच काढून टाकायचा. कप्प्यात हजार कागद असोत की कोटी, वेळ जवळजवळ सारखाच. सूच्याही त्याच्याबरोबर जातात आणि जोडीच्या मशीनला एकच निरोप पुरतो. आत कोण होतं, ते उघडून बघायची गरजच नाही. या युक्तीचा मला त्या वेळी फार अभिमान वाटला होता. अजूनही वाटतो. जे काम करायला आम्ही दुपारच्या दुपारी बसत होतो, ते आता सुरू होतं न होतं तोच संपत होतं.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी एका जुन्या महिन्याचा कप्पा काढायचा होता. माझ्या जागी आलेली नेहा म्हणाली, "मॅडम, आज तुम्हीच करा." मी पदर सावरून बसले. पूर्वीच्या हिशेबानं दुपार राखून ठेवली होती. हुकूम दिला.

"झालं," नेहा म्हणाली.

"झालं?"

"हो मॅडम. गेला कप्पा."

त्या महिन्यात कुठल्या गावाला कोण व्यालं, कोण ऊसतोडीवरून परतलं, कुणाच्या घरी पाहुणे आले, काहीच डोळ्यांसमोरून गेलं नाही. बरोबरच झालं होतं, चांगलंच झालं होतं. गावात कुणाची पावती क्षणभरही अडली नव्हती. पण माझ्या हातात अख्खी दुपार उरली आणि तिचं काय करायचं ते कळेना. सत्काराला अजून वेळ होता. नारळ, शाल येऊन टेबलावर पडली होती. मी इरफानभाईंना म्हटलं, "जीप आहे का? सुमनबाईंच्या गावाला जाऊन येऊ."

"आन सत्कार?"

"उद्या करा म्हणावं. मी कुठं पळून जात नाही."

साहेबांना फोन केला. ते हसून म्हणाले, "जा. शाल कुठं नासत नाही."

आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. केंद्र म्हणजे पत्र्याची एक खोली, बाहेर लिंबाचं झाड, झाडाखाली कॅन. आत पिवळ्या बल्बाखाली एक ठेंगणी बाई मशीनवर वाकून बसली होती. मी दारात उभी राहिले आणि म्हटलं, "सुमनबाई, आज सगळं बरोबर आहे का?"

त्यांनी मान वर केली. माझ्या चेहऱ्याकडं बघितलं आणि त्यांना काही ओळख पटली नाही. मग आवाज मनात फिरला असावा. हातातली बाटली तशीच धरून त्या उभ्या राहिल्या. "ताई?" म्हणाल्या. "आगं बाई, ताई! आशा दिसता व्हय तुमी?"

"मग कशी वाटले होते?"

"मला वाटलं लई उंच आसताल."

आम्ही दोघी हसलो. पुढं काय बोलावं ते दोघींनाही सुचेना. रोज फोनवर इतकं बोललेलो, आणि समोरासमोर आल्यावर सगळं संपल्यासारखं. त्यांनी चहा ठेवते म्हटलं. तेवढ्यात मागनं एक बाई चरवी घेऊन पुढं आली. सुमनबाई म्हणाल्या, "ही तात्याची सून. तात्याला आता चालवत न्हाई, वसरीला बसून आसत्यात."

सुनेनं दूध ओतलं. मशीननं आकडा दाखवला. पावती टरटर बाहेर आली. तिनं ती घेतली, उजेडात धरून पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "आक्का, एवढीच फॅट कावून?"

इरफानभाईंना हसू आवरेना. सुमनबाईंनी तिला काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही, कारण बाहेर सायकली टेकत होत्या, कॅनची झाकणं वाजत होती, कुणीतरी पोराला रांगेत उभं राहायला सांगत होतं. मी दाराच्या मधोमध उभी होते. इतकी वर्षं मी ज्यांचं दूध मोजलेलं वाचलं, आणि पुसलं, ती माणसं माझ्या दोन्ही बाजूंनी वाट काढायला बघत होती.

सुमनबाईंनी मशीनवरनं मान वर न करताच माझ्या दंडाला हात लावला.

"ताई, जरा बाजूला व्हता का? रांग लागलीय."

मी बाजूला झाले.